पाणी लागलं, पण माहीत होतं का?

प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एक अगदी साधा प्रश्न विचारतो. लारिसा नावाच्या गावाला जायचंय. एक माणूस तिकडे जाऊन आलेला, रस्ता त्याच्या पायाखालचा. दुसरा कधीच गेलेला नाही, पण त्याला वाटतंय की असं असं गेलं की लारिसा येतं, आणि त्याचं वाटणं बरोबर आहे. दोघांच्याही मागून चालणारी माणसं लारिसालाच पोचणार. मग पहिल्याला रस्ता माहीत आहे आणि दुसऱ्याला नुसता वाटतोय असं जे आपण म्हणतो, त्यात पहिल्याकडे जास्तीचं काय आहे? तत्त्वज्ञान वाचायला लागल्यापासून जे काही प्रश्न भेटले त्यातला हा माझा सगळ्यात आवडता, कारण तो समजायला कुठलीही पूर्वतयारी लागत नाही आणि एकदा समजला की डोक्यातून जात नाही.

सॉक्रेटिसचं स्वतःचं उत्तर असं की बरोबर मतं दंतकथेतल्या डेडलस या कारागिराने केलेल्या पुतळ्यांसारखी असतात. त्या पुतळ्यांबद्दल ग्रीक लोक सांगायचे की बांधून ठेवले नाहीत तर ते पळून जातात. मत बरोबर असलं तरी त्याला कारणाची दोरी बांधलेली नसेल तर कुणी दोन उलटे प्रश्न विचारले की माणूस ते सोडून देतो. दोरी बांधली की झालं ज्ञान.

यातूनच पुढे ते आटोपशीर सूत्र आलं जे फिलॉसॉफीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. एखादी गोष्ट तुम्हाला माहीत आहे म्हणजे काय, तर तुमचा तिच्यावर विश्वास आहे, ती खरी आहे आणि तुमच्या विश्वासाला काहीतरी आधार आहे. ऐकायला बिनतोड वाटतं. १९६३ साली डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या एडमंड गेटिअर नावाच्या तरुण प्राध्यापकाने 'अ‍ॅनालिसिस' या जर्नलमधे जेमतेम तीन पानांचा लेख छापला आणि ते सूत्र पुरत नाही हे दाखवून दिलं. त्याचं उदाहरण असं: स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी आलेत. स्मिथला कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सांगितलंय की नोकरी जोन्सला मिळणार, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे स्मिथने स्वतः मोजलंय. त्यावरून स्मिथ म्हणतो, ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी मिळते स्मिथलाच, आणि योगायोगाने त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात, जे त्याला ठाऊक नव्हतं. विश्वास होता, खरा निघाला, आधारही होता. पण माहीत होतं का? नाही ना. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

गेटिअरनंतर या विषयावर जे लिहिलं गेलं त्याला मोजदाद नाही. पण मला स्वतःला जास्त भावतं ते हे की आपल्याकडे हा प्रश्न कितीतरी शतकं आधी येऊन गेलेला आहे आणि तोही फार जिवंत उदाहरणांनिशी. आठव्या शतकातला बौद्ध पंडित धर्मोत्तर, याचं उदाहरण बघा. कुणीतरी मांस भाजायला नुकताच जाळ पेटवलाय, धूर अजून धरलेला नाही, पण मांसाच्या वासाने माशांचा थवाच्या थवा वर घोंगावतोय. लांबून बघणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. आहेच की विस्तव! पण त्याने बघितल्या माशा. बाराव्या शतकातला वेदान्ती श्रीहर्ष तर आणखी पुढे जातो. एकाने मुठीत कवड्या लपवल्या, दुसऱ्याला विचारलं किती, त्याने ठोकून दिलं पाच, आणि मूठ उघडली तर पाच. ज्ञान म्हणजे तत्त्वाचा अनुभव, जसं आहे तसं कळणं, ही जी व्याख्या त्या काळी चालायची तिच्यात हा कवड्यांचा अंदाजही बसतो की नाही सांगा, असं म्हणून श्रीहर्ष त्या व्याख्येच्या मागे हात धुवून लागतो, आणि मग दुसऱ्या, आणि मग तिसऱ्या. त्याला दाखवायचंच होतं की असल्या व्याख्या करता येत नाहीत. मला त्याचा निष्कर्ष पटत नाही, पण त्याने ठेवलेल्या बोटाखालची जागा खरोखर दुखरी आहे.

(या दोन परंपरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून १९८३ साली पुण्यात एक मोठा प्रयोग झाला होता. दया कृष्ण आणि आपले मे. पुं. रेगे हे तत्त्वज्ञ त्यात पुढे होते. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलची विधानांबद्दलची मतं संस्कृत पंडितांसमोर ठेवायची आणि त्यांनी न्यायदर्शनाच्या, म्हणजे ज्ञान आणि तर्क यांचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या परंपरेच्या भाषेत उत्तर द्यायचं. त्याचं पुढे 'संवाद' नावाने पुस्तक निघालं. आज मराठीत तत्त्वज्ञान वाचणाऱ्यांपैकी सुद्धा किती जणांना हे माहिती असेल, मला शंका आहे, आणि त्याचं वाईट वाटतं.)

आता हे सगळं मला ज्याच्यामुळे परत वाचावंसं वाटलं ते सांगते. माझे मामा बार्शी तालुक्यात असतात. विहीर उन्हाळ्याच्या तोंडावर तळ दाखवते म्हणून त्यांनी बोअर घ्यायचं ठरवलं आणि आमच्याकडे जसं सगळेच करतात तसं आधी पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची जागा दाखवणाऱ्याला, बोलावलं. साठीचा माणूस, धोतर, पायात चप्पल नाही. पैसे घेत नाही, टॉवेल-टोपी आणि नारळ, बस. त्याने शेत आधी नुसतंच दोनदा फिरून घेतलं, बांधाकडेला थांबला, खाली वाकून माती चोळून बघितली, उंबराच्या झाडापाशी बराच वेळ घुटमळला. मग डाव्या तळहातावर नारळ आडवा ठेवून हळूहळू चालायला लागला. एका जागी नारळ शेंडी वर करून उभा राहिला. मी दोन हातांवरून बघत होते, त्याची बोटं हललेली मला तरी दिसली नाहीत. "हितं हाय पाणी, दोनशेच्या आत," तो म्हणाला आणि तिथे दगड ठेवून हळदकुंकू वाहिलं.

रात्री बोअरची गाडी आली. तमिळनाडूकडची पोरं, कुणाला धड मराठी येत नाही, पण कामाला वाघ. रॉडवर रॉड जोडत गेले. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, त्यात नुसती पांढरी धूळ, सगळ्यांचे केस पिठाच्या गिरणीतल्यासारखे. मामी आत जाऊन देवापुढे बसली. १७० फुटाच्या पुढे धूळ लालसर यायला लागली, मग ओली, आणि १९० ला पाणी उसळलं. दीड-दोन इंची. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, त्याला माहीत होतं."

मी म्हटलं, "मामा, पाणी लागलं हे खरं. पण त्याला माहीत होतं कशावरून?"

"अगं पाणी लागलं ना? मग अजून कशावरून पाहिजे तुला?"

हा वाद पुढे सुट्टीभर चालला आणि खरं सांगायचं तर अजून संपलेला नाही. पण मामांच्या त्या वाक्यात एक आख्खा सिद्धांत आहे आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. न्यायदर्शनात ज्ञान खरं की खोटं हे ठरवायची जी कसोटी सांगितली आहे तिचं नेहमीचं उदाहरण पाण्याचंच असतं. लांबून पाणी दिसलं. मृगजळ असेल किंवा पाणी असेल. जा, ओंजळीत घे, पी, तहान भागली तर पाणी. याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात, म्हणजे त्या समजुतीवर विसंबून पाऊल टाकलं आणि ते फळलं. बौद्ध पंडित धर्मकीर्ती वेगळ्या भाषेत जवळपास हेच म्हणतो, अर्थक्रिया घडली पाहिजे, म्हणजे त्या वस्तूकडून अपेक्षित काम झालं पाहिजे. अमेरिकेत तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १९०७ साली याच्याही पुढे जाऊन म्हटलं की विचार खरा असणं म्हणजेच तो अनुभवात उपयोगी ठरणं.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे आणि नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांनी, ती फार नेटकी धरलीय. त्यांच्या मते खरेपणा एक आणि खरेपणाची परीक्षा दुसरी. खरेपणा म्हणजे काय, तर जिथे जे आहे तिथे ते आहे असं कळणं. शिंपलीला शिंपली म्हणणं, रुपं (चांदी) न म्हणणं. तहान भागणं ही नुसती खूण, ज्यावरून आपण ओळखतो. जेम्स या दोन गोष्टी एकत्र करून टाकतो आणि मला वाटतं तिथे तो घसरतो. बोअरला पाणी लागलं यावरून काय सिद्ध झालं? "इथे पाणी आहे" हे वाक्य खरं होतं, एवढंच. ते वाक्य पाणाड्याकडे आलं कुठून, नारळाने सांगितलं का, याबद्दल ते पाणी अवाक्षर बोलत नाही. मामा वाक्याच्या खरेपणाची पावती नारळाच्या नावावर फाडत होते.

म्हणून मला न्यायाची प्रश्न विचारायची पद्धत आवडते. पाश्चात्त्यांचा प्रश्न बऱ्याचदा असा असतो की तुझ्यापाशी आधार काय, तू समर्थन देऊ शकतोस का. नैयायिक विचारतो, हे कळणं तुझ्यात उपजलं कशातून? डोळ्यांनी पाहिलंस, खुणेवरून अनुमान केलंस, सारखेपणावरून ओळखलंस, की भरवशाच्या माणसाने सांगितलं? प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. चारातलं एकही नसेल तर वाक्य खरं असून उपयोग नाही, ती मुठीतली कवडी. तिकडे पाश्चात्त्यांत १९७९ मधे आल्विन गोल्डमन या तत्त्वज्ञाने जे मांडलं, की विश्वास ज्या प्रक्रियेतून तयार होतो ती प्रक्रिया भरवशाची पाहिजे, त्याचा रोख बराचसा असाच आहे.

आता हे पाणाड्याला लावून बघितलं की प्रकरण एकदम सोपं राहत नाही, आणि मी ज्या हुशारीने मामांशी भांडत होते तीही पुरत नाही. कारण आठवा, त्याने नारळ हातात घ्यायच्या आधी शेत फिरून घेतलं होतं. उंबर बघितला होता, माती चोळली होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, दकार्गल नावाचा सबंध अध्याय जमिनीखालच्या पाण्याच्या खुणांवर आहे. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोडं पाणी लागतं (हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष) अशा धर्तीची एकामागून एक सूत्रं. त्यातली प्रत्येक खरी आहे असं मी म्हणत नाही. पण झाडं, वारूळ, मातीचा रंग, जमिनीचा उतार यांचा पाण्याशी संबंध असतोच, आणि चाळीस वर्षं गावोगाव हेच करत फिरलेल्या माणसाच्या नजरेत तो संबंध मुरलेला असणार. मग असं असू शकतं की त्याला माहीत होतं, फक्त कशामुळे माहीत होतं हे त्याला माहीत नव्हतं. अनुमान त्याच्या नजरेनं केलं आणि श्रेय नारळाला गेलं.

आधार मागणारं सूत्र इथे त्याला नापास करतं, कारण विचारलं तर तो कारण सांगणार नारळाचं, जे चुकीचं. गोल्डमन त्याला पास करेल, पण नजर खरंच भरवशाची असेल तर. मी गोल्डमनच्या बाजूची आहे. आपल्या आजी लोकांना पीठ किती भिजवायचं हे माहीत असतं की नसतं? कारण विचारलं तर धड सांगता येत नाही म्हणून त्यांचं ज्ञान काढून घेणार का आपण?

मग नजर आणि नारळ वेगळे कसे करायचे? हे जर्मनीत, वेगळ्या हेतूने का होईना, केलं गेलंय. तिकडे पाणी शोधणारे फाटा असलेली काडी हातात धरतात. १९८७-८८ मधे म्युनिकजवळच्या एका दुमजली कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून इकडे तिकडे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून शोधणाऱ्याने तो नेमका कुठे आहे ते सांगायचं. शेकडो लोकांतून ४३ निवडक घेतले, ८४३ चाचण्या केल्या. करणारे संशोधक म्हणाले की त्यातल्या काही थोड्यांची कामगिरी खरोखर थक्क करणारी आहे. पुढे १९९९ मधे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच सगळे आकडे परत तपासले आणि दाखवलं की नुसत्या अंदाजाने जेवढं बरोबर येईल त्याहून वेगळं त्यात काही नाही, आणि जे थोडे चमकले तेच पुन्हा केल्यावर चमकत नाहीत. सॉक्रेटिसचे पुतळे, पळून गेले. आता लक्षात घ्या की कोठारात ना उंबर होता ना वारूळ ना मातीचा रंग. नजरेला खायला काही ठेवलंच नव्हतं, उरली नुसती काडी, आणि काडीच्या हातून काही झालं नाही. माझ्या मते पाणाड्यांबद्दलचा वाद इथे निम्मा तरी मिटतो.

निम्माच, कारण नजर तरी किती भरवशाची हे अजून कळलेलं नाही. मामांचं पाणी बघून शेजाऱ्यांनी त्याच पाणाड्याला नेलं. ४०० फूट गेले, धूळ. दोन लाखांच्या आसपास खर्च झाला त्यांचा, आणि ज्या घरात हे होतं त्या घरातली शांतता ज्यांनी बघितली नाही त्यांनी या विषयावर गमतीने बोलू नये. मामांचं म्हणणं, त्यांनी बोअर घ्यायला उशीर केला, झरा सरकला. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८१ मधे ज्ञानासाठी एक अट घातली होती जी इथे चपखल बसते: ती गोष्ट खरी नसती, तर तुझा विश्वासही तसा नसता ना? म्हणजे पाणी नसतं तर नारळ आडवाच राहिला असता का? शेजाऱ्यांच्या शेतात पाणी नव्हतं आणि नारळ उभा राहिला. आणि मामांकडेही, आमच्या भागात दख्खनचा बेसाल्ट आहे, थरावर थर, पाषाण घट्ट पण मधे मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक), मुरूम, भेगा, आणि पाणी असतं ते त्यात. कुठल्या तरी खोलीवर थोडंफार पाणी लागेल अशा जागा भरपूर. दगड दहा पावलं पलीकडे ठेवला असता तरी कदाचित लागलंच असतं. मग त्या बरोबर निघण्याची किंमत आणखी उतरते.

याची दुसरी बाजू मला जास्त छळते. मामांच्या ओळखीच्या एकांनी भूवैज्ञानिक बोलावला होता. जमिनीत सळया ठोकून, त्यातून करंट सोडून, कुठला थर किती विरोध करतो ते मोजतात. ओला, झिजलेला थर कमी विरोध करतो, पण चिकणमातीही कमीच करते, त्यामुळे चूक होऊ शकते. आणि झाली. मग मामांचा हिशोब सरळ आहे, आमचा पाणाड्या बरोबर, तुमचा मशीनवाला चूक. न्यायात काय म्हणतात, तर जे चुकलं ते प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खरं साधन, नव्हतंच मुळी, प्रमाणाभास होता. प्रमाण कधी चुकत नाही. इथे माझं नैयायिकांशी जमत नाही. एका बोअरवरून साधनाला आभास म्हणून टाकलं तर भेगाळ खडकात पाणी शोधणारं एकही साधन उरणार नाही. साधन चांगलं असून एकदा हुकणं आणि साधन नसून एकदा लागणं, या दोन गोष्टींना वेगवेगळी नावं हवीत, आणि ज्ञान नेमकं कुठे आहे ते सांगता आलं नाही तरी या दुसऱ्या प्रकरणात ते नाहीच नाही एवढं मला ठामपणे वाटतं.

राहिला आपला प्रश्न, ज्यांना ना नजर आहे ना मशीन. आपण दोघांच्याही शब्दावरच चालतो. आणि शब्दप्रमाणाबद्दल वात्स्यायनाने न्यायभाष्यात जे लिहिलंय ते मला या सगळ्या परंपरेतलं सगळ्यात मोठ्या मनाचं वाक्य वाटतं. आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा माणूस, कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः पुरती जाणलेली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. आणि पुढे म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे शब्दाचं वजन जातीवर, पदावर, डिग्रीवर नाही. पाणाडी आप्त असू शकतो, रिगवरचा तमिळ पोरगा आप्त असू शकतो, रोज नव्या ठिकाणी भोक पाडतो तो, खडक त्याच्याइतका कुणी बघितलाय? आमचा पाणाड्या दुसऱ्या अटीत शंभर टक्के बसतो, लबाड माणूस नाही तो. अडतंय ते पहिल्या अटीपाशी.

मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचे लोक, म्हणतील, आलेलं ज्ञान खरंच धरून चाला, खोटं ठरेल तेव्हा सोडा. नैयायिक म्हणतील, ओळखीच्या परिस्थितीत ठीक आहे, पण नव्या ठिकाणी आधी पडताळा घ्या. तहानेचं पाणी ओंजळीत घेऊन पडताळता येतं, त्याला काही पैसे पडत नाहीत. बोअर पडताळायला दोन लाख लागतात आणि पडताळून झाल्यावर ते परत येत नाहीत. म्हणजे इथे एकट्या शेतकऱ्याला पडताळा परवडतच नाही, तो गावाने मिळूनच घ्यायला लागतो. गावात आजवर जेवढे बोअर झाले त्यांची एक वही पाहिजे: गट नंबर, जागा कुणी दाखवली, किती फुटाला कुठला खडक, पाणी किती, आणि पुढच्या मे महिन्यात ते टिकलं का. कोरडे गेलेले सुद्धा लिहायचे, किंबहुना तेच आधी लिहायचे, कारण लागलेले सगळ्यांना पाठ असतात आणि गेलेले घरातली माणसं सुद्धा काढत नाहीत. पाणाड्याची नजर खरी असेल तर त्या वहीत ती दिसेल आणि मग मीच मामांना म्हणेन की हो, त्याला माहीत होतं. मामांना मी हे सांगितलंय. ते म्हणाले, वही घाल, पण शेजाऱ्यांच्या घरी विचारायला तू जा.